ढेकर येईपर्यंत

मोहाडीच्या आमच्या घरमालकांची दाढी करायला न्हाव्याला स्टुलावर चढावं लागायचं. माणूस उंच होता हे एक, आणि खुर्चीवर बसायला तयार नव्हता हे दुसरं. न्हावी ब्रशाला साबण लावेपर्यंत ते दुकानाच्या दारापर्यंत जाऊन रस्त्यानं कोण चाललंय ते बघून यायचे. शेवटी न्हावी वस्तरा उगारून म्हणायचा, "काकाजी, आता हालू नका जी, गळा कापला जाईन." तेव्हा कुठे या पायावरचा भार त्या पायावर टाकत ते कसेबसे उभे राहायचे.

सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं, म्हणून मीही म्हणायची. काकाजी बसत नसत. झोपायचे, उभे राहायचे, चालायचे, पण बसायचे नाहीत. जेवणाचं ताट खिडकीत ठेवून उभ्यानं जेवायचे. लग्नाच्या पंगतीत बसावं लागू नये म्हणून आधीच बादली हातात घेऊन वाढायला लागायचे. कुणाकडे मयत झाली की सतरंजीवर न टेकता अंगणात येरझाऱ्या घालायचे, आणि त्या घरच्या माणसांना आपलं दुःख सोडून यांच्याकडेच बघावं लागायचं. "माणसाले देवानं पाठ झोपाले देली, पाय चालाले देले," ते म्हणायचे. "बसाले काय देलं, सांगा बरं?" उत्तर सगळ्यांना माहीत असायचं, पण वडीलधाऱ्या माणसापुढे ते तोंडावर आणता येत नसे.

आता गंमत अशी, की घर विणकराचं. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणारं, पिढ्यान्‌पिढ्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसणारं. काकू सांगायच्या, की काकाजी लहान असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना कमरेला सुती दोरी बांधून मागाच्या खांबाला अडकवलं होतं, पोरगा बसायला शिकावा म्हणून. पोरगा गाठ सोडायला शिकला. पुढे बाप विणायचा आणि हा खांद्यावर गठ्ठा टाकून गावोगाव विकायचा. लग्न झाल्यावर मागावर काकू बसल्या, त्या बसल्याच. मी त्या घरात राहायला गेले तेव्हा काकूंची चारही मुलं आपापल्या संसाराला लागली होती, आणि दिवसभर ओसरीच्या आतल्या बाजूनं मागाच्या फणीचा ठोका ऐकू यायचा, आणि ओसरीच्या बाहेरून काकाजींच्या चपला.

घर विचारायला गेले तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं होतं.

"काम काय करता बाई तुमी?"

"प्राथमिक शाळेत शिकवते."

"म्हणजे दिवसभर उभ्या."

"बहुतेक वेळ."

"मंग घर तुमचं."

माझ्या आधी एक कारकून येऊन गेला होता. त्याला त्यांनी वाटेला लावलं होतं, बसणाऱ्या माणसानं भिंतीला ओल येते म्हणून. माझे यजमानही कारकूनच होते. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा कपाटं आणि टेबलांबरोबर माणसांचीही वाटणी झाली, त्यात हे गोंदियाच्या वाट्याला गेले. मी मोहाडीत, ते तिकडे, आठवड्याला एकदा भेट. हे सगळं मी भीतभीतच सांगितलं. काकाजी जरा थबकले.

"तिकडेच बसते ना थे? मंग बसू द्या."

अशा माणसाच्या शेजारी राहणं सोपं नव्हतं. मी स्वयंपाकाला लागले की हे दारात. "बाई, दूध उतू जाऊन राहिलं." दूध गॅसवर ठेवलेलंसुद्धा नसायचं. पेपर ते चालता चालता वाचायचे आणि अर्धा वाचून झाला की समोर येईल त्याच्या हातात द्यायचे, त्यामुळे आमच्या गल्लीत एका घरी पहिलं पान असायचं आणि दुसऱ्या घरी क्रिकेट. माझा स्वभाव काही गरीब गायीचा नाही. दोनदा तरी मी दुसरं घर बघायला सुरुवात केली होती. पण मोहाडीत मास्तरणीला घर देणारे बाकीचे सगळे बसणारे होते आणि बसून आल्यागेल्याची चौकशी करणारे होते. तेव्हा हा हिंडणारा परवडला.

मग माझा मुलगा झाला.

बाळंतपण माहेरी झालं, पण वहिनीचेही दिवस भरत आले होते, म्हणून सव्वा महिन्यानंतर मी बाळाला घेऊन मोहाडीला परत आले. सासूबाई सिहोऱ्याला. त्यांचं धान कापणीला आलेलं, त्या शेत सोडून येणं शक्य नव्हतं. तेव्हा बाळाची टाळू भरण्यापासून सगळं काकूंनी अंगावर घेतलं, न मागता. आणि काकाजींनी झोळी बांधून दिली.

ती झोळी हा त्या घराचा मान होता. काकूंच्या जुन्या लुगड्याची, एक टोक भिंतीच्या खुंटीला आणि दुसरं मागाच्या खांबाला. काकू विणायला बसल्या की फणीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर खांब हलायचा, खांबाबरोबर झोळी हलायची. झोका द्यायला माणूस लागायचा नाही. "माये चारही लेकरं ठोक्यावर झोपले," काकू म्हणायच्या. "घरात सारा दिवस काम, पाळणा कोण हालवन?" काकाजी ती गाठ प्रत्येक नव्या बाळासाठी स्वतः मारायचे, दोनदा ओढून बघायचे आणि मग दूर उभं राहून तिच्याकडे बघायचे. बाळाला पाजलं की मी झोळीत टाकायची. ठक-ठक सुरू व्हायचं आणि तो डोळे मिटायचा. मला वाटलं, सुटले.

पण तो दूध टाकायला लागला.

प्यायला की थोड्या वेळानं तोंडातून ओघळ यायचा. कधी घोटभर, कधी अंगडं भिजेपर्यंत. ताजं असलं तर दूध, उशिरा असलं तर दह्यासारखं. मी त्याला पुसायची, पुन्हा पाजायची, तो पुन्हा टाकायचा. माझ्या साड्यांना, उशीला, केसांना तो आंबूस वास यायला लागला. हात धुतले तरी जाईना. तो झोपला असला तरी मला बसवेना. उठून बघायची, तोंडाला काही आलंय का, श्वास घेतोय का. परत यायची, परत उठायची. काकाजींच्या येरझाऱ्यांना हसणारी मी, घरात त्यांच्याहून जास्त चालायला लागले होते. एकदा मी आतून बाहेर जात होते आणि ते बाहेरून आत, तर दारात समोरासमोर आलो. ते म्हणाले, "आता समजलं?" मला रडू आलं आणि रागही आला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारीण म्हणाली नजर. काकू म्हणाल्या, फेकणारं लेकरू जोमानं वाढते. कुणी जायफळ उगाळून दे म्हणालं, कुणी पोटावर हिंग. कापणीच्या मधल्या एका दिवशी सासूबाई धावत येऊन गेल्या. आल्या आल्या बाळाला दोन्ही हातांवर घेतलं, जरा वर-खाली केलं. त्या बाईनं जन्मभर धानाची पोती उचलली होती, तिला वजन करायला काटा लागत नसे.

"हलका हाय," त्या म्हणाल्या. "तुयं दूध त्याले पचत नाही. चुरणं आटोपलं का मी त्याले सिहोऱ्याले नेतो. शेळी व्यायले झाली हाय."

चुरणं म्हणजे धानाची मळणी. म्हणजे थंडीच्या सुरुवातीला.

"आई, रजा संपली की मी इथं अन् तो तिथं? मी नोकरी सोडून येऊ का?"

"तुले कोण म्हणते सोड? दूध तुयं बाधते. तू नाही बाधत."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो त्या दिवशी आलेला होता. त्यानं आईच्या बोलण्यावर मान हलवली आणि माझ्या बोलण्यावरही हलवली. मला त्या क्षणी त्या माणसाचा जितका संताप आला तितका नंतर कधी आला नाही. बाळ सिहोऱ्याला गेलं असतं तर माझं दूध आठ दिवसांत आटलं असतं, आणि मग परत आणायला काही कारणच उरलं नसतं. जिल्ह्याचे दोन झाले होते, आमच्या घराचे तीन होणार होते. तो मोठा होईल तो आजीला आई म्हणत, आणि मी सुट्टीच्या दिवशी बिस्किटाचा पुडा घेऊन जाणारी कुणी पाहुणी. हे मला डोळ्यांसमोर दिसायचं आणि मी पुन्हा उठून चालायला लागायची.

दुसऱ्याच दिवशी मी बाळाला घेऊन भंडाऱ्याच्या बसमध्ये चढले. बघते तर मागून काकाजी. "भंडाऱ्याले कापड द्यायचं हाय," म्हणाले. हातात कापड नव्हतं. अर्धी बस रिकामी असून ते भंडाऱ्यापर्यंत दांडा धरून उभे राहिले. लहान मुलांच्या डॉक्टरकडे ही गर्दी. आमचा नंबर यायला वेळ होता, तेवढ्यात काकाजी नाहीसे झाले. आमचं नाव पुकारलं आणि ते घाम पुसत हजर.

"कुठं गेले होते?"

"काई नाही. पूल ओलांडून कारध्यापर्यंत जाऊन आलो."

डॉक्टरांनी बाळाला तपासलं, वजन केलं, माझ्यासमोर पाजायला लावलं. मग म्हणाले, दुधात काही खोट नाही. अन्ननळी जिथं पोटाला मिळते तिथला चाप एवढ्या लहान बाळाचा ढिला असतो, भरलेलं वर येतं. बहुतेक बाळांचं येतं. बसायला लागली की हळूहळू थांबतं. उलटी हिरवी झाली, रक्त दिसलं, जोरात लांब उडायला लागली, लघवी कमी झाली, तर धावत या. वजन वाढतंय, पण वाढायला हवं तेवढं नाही. थोडं थोडं पाजा, मध्ये ढेकर काढा, नंतर अर्धा तास खांद्यावर उभं धरा. झोपवताना मात्र पाठीवर, सपाट. दुसरं काही देऊ नका. मग त्यांनी सहज विचारलं, "पाजल्यावर काय करता?"

"झोळीत टाकते."

"झोळी हलवता?"

मी उत्तर द्यायच्या आत काकाजी पुढे आले. ही त्यांच्या घरची गोष्ट होती. "हालवा लागतच नाही डॉक्टरसाहेब. मागाले बांधली हाय. ठोका पडला का झोळी हालते." आणि त्यांनी हातांनी ठोका करून दाखवला, तोंडानं ठक-ठक म्हणत, जागच्या जागी, मोठ्या कौतुकानं. "असं सारा दिवस. पोट्टा बिलकुल उठत नाही."

"आणि पोटात दूध?"

"गच्च भरलेलं."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. काकाजींचे हात हवेत होते, तसेच राहिले. मग त्यांनी ते हळूच खाली घेतले. डॉक्टर एवढंच म्हणाले, "दुधाची बरणी सायकलच्या कॅरिअरला बांधून खडीवरून नेली, तर झाकण राहील का काका?"

परतीच्या बसमध्ये काकाजी दांडा धरून खिडकीबाहेर बघत उभे राहिले. घरी आले, चपला न काढता आत गेले आणि मागाच्या खांबाची गाठ सोडायला लागले. इतक्या वर्षांची गाठ मारायची सवय, सुटता सुटेना. शेवटी दातांनी ओढली. काकू मागावरून बघतच राहिल्या.

"काहून सोडून राहिले? माये चार लेकरं याच झोळीत वाढले."

"तुये चार लेकरं दगड होते," काकाजी म्हणाले. "हा माणसाचा हाय."

मग माझ्याकडे वळून हात पुढे केले. "आणा इकडे. अर्धा तास म्हटलं ना त्यानं? उभं धराचं. मले दुसरं काय येते?"

त्या दिवसापासून माझं बाळ मोहाडीभर हिंडायला लागलं. मी पाजायची, मध्ये एकदा ढेकर काढायची, पुन्हा पाजायची, आणि ते दारात तयारच. खांद्यावर दुपट्टा, दुपट्ट्यावर बाळ, वरून थंडीसाठी कोशाची शाल. एक हात बाळाच्या बुडाखाली, दुसरा पाठीवर. सुरुवातीला मी मागून बघत राहायची. काही दिवसांनी पाजून झालं की मला झोप लागायला लागली. कित्येक आठवड्यांत मी पहिल्यांदा बसून जेवले ते तेव्हाच.

त्यांनी यातही आपलं शास्त्र केलं. चौंडेश्वरीच्या देवळाकडच्या रस्त्यानं ढेकर लवकर येतो, तहसीलकडच्या रस्त्यानं अडतो, कारण तिकडे सगळे बसलेले. चहाच्या टपरीवरचे लोक विचारायचे, "काकाजी, आला का?" ते मान हलवून पुढे जायचे. आला की लांबूनच हात वर करायचे. कापडाचं बोलणं करायला आलेला व्यापारी त्यांच्याबरोबर चालत चालत बोलायचा आणि मध्येच त्यांनी बोट ओठावर ठेवलं की गप्प व्हायचा. बाळ तरीही टाकायचं. काकाजींच्या सदऱ्याच्या पाठीवर पांढरे ओघळ वाळलेले असायचे आणि ते तसेच बाजारात जायचे. काकू म्हणाल्या, बदला तरी. ते म्हणाले, "काहून? दूधच हाय. दारू नाही."

माझं त्यांच्याशी रोज भांडण व्हायचं. बाळाचं पिणं पुरतं झालेलं नसायचं आणि हे दारात "झालं का, झालं का" करत. एकदा मी दाराला कडी लावून घेतली. ते खिडकीत आले. "बाई, वेळ चालला." मी म्हटलं, "काकाजी, कोण आई आहे इथं?" त्यांनी खिडकीचा गज धरला. मग म्हणाले, "तुमीच आहा. म्हणून तं म्हणतो. चुरणं सुरू झालं सिहोऱ्याले. मी विचारून आलो."

विचारायला कुणाला गेले होते ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्या दिवशी मला कळलं, की त्यांच्या पायात जी धावपळ होती ती नुसती सवयीची नव्हती. मी कडी काढली.

सासूबाई आल्या त्या बाजाराच्या दिवशी, सकाळच्या बसनं. हातात रिकामी पिशवी, बाळाचे कपडे भरायला आणलेली.

"शेळी व्यायली," त्या म्हणाल्या. "बाबू कुठी हाय?"

बाबू काकाजींच्या खांद्यावर होता. अर्धा तास झाला, तास झाला. दुसऱ्यांदा पाजायची वेळ होत आली, माझी छाती दुखायला लागली. काकाजींचा पत्ता नाही. काकूंनी मागावरून मान वर केली. "बस स्टँडवर पायलं असन त्याईनं तुमाले," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "आता येत नाही थे."

"म्हणजे? लेकरू घेऊन पळाले का?"

काकूंनी धोटा टाकला आणि ठोका दिला. सासूबाई तरातरा निघाल्या आणि त्यांच्या मागून मी. पाय कुठे पडतायत ते कळत नव्हतं. माझा त्या माणसावर विश्वास होता, पण विश्वास असून काय करता, मूल डोळ्यांसमोर नव्हतं.

बटाटेवाल्याच्या दुकानापुढे घोळका दिसला. मध्यभागी काकाजींचं डोकं, सगळ्यांच्या वर. घोळक्यातून आत गेलो तर दुकानदाराचा मोठा तराजू दोन माणसांनी बल्लीला टांगून धरलेला. एका पारड्यात शाल अंथरून माझा मुलगा, काकाजींचे दोन्ही हात त्याच्या भोवती. दुसऱ्या पारड्यात एक काळा दगड, आणि दगडावर बटाटे.

"हे काय चाललंय?" मी ओरडलेच.

"बाजाराच्या बाजारी करतो," काकाजी शांतपणे म्हणाले. "हा दगड डॉक्टरकडून आलो त्या आठवड्यात बाबूच्या बरोबरीचा होता. मी निवडून आणला नदीवरून. दगड तं खात नाही, पीत नाही. तेवढाच राहते. बाबू वाढला का बटाटे टाका लागते." त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "आज पाहा किती लागून राहिले."

बटाटेवाल्यानं आणखी एक ठेवला, आणखी एक. पारडं अजून बाळाकडेच. घोळका मोजत होता.

सासूबाई शेतकऱ्याच्या घरच्या. व्यापाऱ्याच्या काट्यावर त्यांचा जन्मात विश्वास बसला नव्हता. त्यांनी पदर खोचला, पुढे झाल्या. "पारडे बदला," म्हणाल्या.

"काय?"

"लेकरू तिकडे घाला, दगड इकडे. बदलल्याबिगर मी तराजूचं आयकत नाही."

बदलले. धान मोजताना फसवणूक पकडायची ती त्यांची रीत. दगड आणि बटाटे या बाजूला आले, बाळ त्या बाजूला गेलं. बाळाचं पारडं खाली गेलं आणि खालीच राहिलं. सासूबाईंनी तराजूकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, एक बटाटा उचलून हातात तोलून पाहिला. मग सगळं सोडून बाळालाच उचललं, दोन्ही हातांवर, त्या दिवशीसारखं जरा वर-खाली.

"भरला हाय," त्या म्हणाल्या. हे त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, स्वतःशीच बोलल्या.

मग त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. काकाजी लगेच म्हणाले, "दुपट्टा टाका, दुपट्टा टाका," पण उशीर झाला होता. माझ्या मुलानं सगळ्या बाजारासमोर आजीच्या नव्या लुगड्यावर भलामोठा ओघळ सोडला आणि वर ढेकर दिला. बाजारातले लोक हसले. सासूबाईंनी मान वळवून खांद्याकडे बघितलं, बोटानं जरा चाचपलं.

"इतकं फेकून अंगी लागून राहिलं," त्या म्हणाल्या, "तं मंग दूध चांगलंच असन."

माझे डोळे भरून आले, पण त्यांना दाखवलं नाही. त्या दुपारी त्या माझ्याकडे जेवल्या आणि संध्याकाळच्या बसनं रिकामी पिशवी घेऊन परत गेल्या. जाताना काकाजींना म्हणाल्या, "भाऊजी, बसा ना जरा." काकाजी म्हणाले, "बसून काय होते?" पुढल्या भेटीत भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी वजन केलं आणि मान डोलावली. आम्ही त्यांना बटाट्यांचं सांगितलं नाही.

उन्हाळा लागता लागता मुलगा बसायला लागला. आधी उशांना टेकून, मग एकदा ओसरीवर नुसताच, दोन्ही हात पुढे टेकून. डॉक्टर म्हणाले होते तसं हळूहळू दूध टाकणं कमी झालं, मग थांबलंच. माझ्या साड्यांचा वास गेला. एक दिवस काकाजी नेहमीच्या वेळेला दुपट्टा टाकून आले, हात पुढे केले. मुलगा काकूंचा जुना धोटा जमिनीवर आपटत बसला होता. त्यानं वर पाहिलं, हसला आणि पुन्हा आपटायला लागला. काकाजी तसेच उभे. मग त्यांनी दुपट्टा काढला, घडी केली, भिंतीला हात लावला आणि गुडघे कुरकुरवत त्याच्यासमोर खाली बसले.

आतला ठोका थांबला. काकू मागावरून वाकून बघत होत्या. मला म्हणाल्या, "याईले बरं नाही का?"

काकाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, याले आता गरज नाही. मी संध्याकाळी जाऊ कुठी?"

मी मुलाची लाळ पुसत राहिले. कारण माझ्या कपाटात गोंदियाला बदली झाल्याचं पत्र होतं आणि ते मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चांगलं झालं, घर एकत्र झालं," आणि बाहेर पडले ते अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

निघायच्या दिवशी ते बस स्टँडवर आमच्या आधी पोचले होते. सामान चढलं, नवरा चढला, मी एक पाय पायरीवर ठेवला. काकाजींनी हात पुढे केले, मी मुलगा दिला. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, दुपट्टा सारखा केला आणि पाठीवर थोपटत बसच्या मागच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. माझं मूल कुणी माझ्यापासून नेऊ नये म्हणून हा माणूस थंडीभर गाव तुडवत होता, आणि आता त्याच्या खांद्यावरून ते मीच काढून नेत होते. मला ते सहन होईना. सासूबाईंच्या रिकाम्या पिशवीची आठवण आली.

कंडक्टरनं घंटीची दोरी धरली. "काका, द्या आता लेकराला. वेळ झाला."

काकाजी थांबले नाहीत. थोपटत थोपटत आमच्यापर्यंत आले आणि पुन्हा वळले.

"थांबा जी," ते म्हणाले. "ढेकर तं येऊ द्या."